विश्लेषण : झाड एकच, कूज मात्र दोन प्रकारची… भूर्जावरील दोन बुरश्यांतून काय उलगडते?

जंगलात झाड मेले की ते कुजते आणि मातीत मिसळते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र कुजणे ही एकच एक क्रिया नाही. युरोप आणि उत्तर आशियातील भूर्जाच्या जंगलांत एकाच झाडावर आढळणाऱ्या दोन बुरश्या लाकडाची विल्हेवाट दोन वेगळ्या पद्धतींनी लावतात. एक लाकडातील जवळपास सर्व घटक संपवते, तर दुसरी ठरावीक घटक खाऊन उरलेला भाग मागे सोडते. मेलेल्या झाडातील कार्बन किती लवकर हवेत जाणार आणि किती काळ मातीत राहणार, हे बऱ्याच अंशी या फरकावर ठरते. त्यामुळे मेलेली झाडे जंगलातून उचलावीत की तशीच पडू द्यावीत, या जुन्या वादातही या बुरश्यांना महत्त्व आले आहे.

या दोन बुरश्या कोणत्या?

पहिल्या बुरशीचे शास्त्रीय नाव फोमीज फोमेंटॅरियस. खोडातून बाहेर आलेला तिचा भाग घोड्याच्या खुरासारखा दिसतो, म्हणून सोयीसाठी तिला ‘खुरबुरशी’ म्हणता येईल. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्येच तिची शास्त्रीय नोंद केली होती. तिच्या लॅटिन नावाचा संबंध ठिणगी धरणाऱ्या पदार्थाशी आहे. ही बुरशी भूर्जावर वाढते, तशीच बीच आणि इतर काही रुंद पानांच्या झाडांवरही वाढते.

दुसरी बुरशी फोमिटॉप्सिस बेट्युलिना. ‘बेट्युला’ हे भूर्जाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव. ही बुरशी निसर्गात जवळपास केवळ भूर्जावरच आढळते, त्यामुळे तिला ‘भूर्जबुरशी’ म्हणणे योग्य ठरेल. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर बुलियार यांनी १७८८ मध्ये तिचे वर्णन केले. अगदी अलीकडेपर्यंत ती ‘पिप्टोपोरस बेट्युलिनस’ या नावाने ओळखली जात असे. डीएनएच्या आधारे झालेल्या फेरमांडणीनंतर २०१६ मध्ये तिची रवानगी फोमिटॉप्सिस या प्रजातीत झाली.

भूर्ज हे झाड मराठी वाचकांना भूर्जपत्रांमुळे माहीत असते. ज्याच्या सालीवर प्राचीन पोथ्या लिहिल्या गेल्या तो हिमालयातील भूर्ज आणि युरोपातील पांढऱ्या सालीचा भूर्ज हे एकाच कुळातले आहेत.

त्या ओळखायच्या कशा?

दोन्ही बुरश्या खोडावर आडव्या फळीसारख्या वाढतात. पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीसारखा दांडा आणि छत्री त्यांना नसते. छत्रीखाली पडदे असतात, तसे पडदेही नसतात. त्याऐवजी खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे असतात. ही छिद्रे म्हणजे बारीक नळ्यांची तोंडे. या नळ्यांमधून बीजाणू खाली गळतात आणि वाऱ्यावर पसरतात.

खुरबुरशी बहुवर्षायू आहे. तिची वरची बाजू करड्या रंगाची, लाकडासारखी कठीण आणि वळ्यावळ्यांची असते. दर हंगामात खालच्या बाजूला नळ्यांचा नवा थर तयार होतो. त्यामुळे तिचा खूर वर्षागणिक जाड होत जातो. काही खूर ४० सेंटीमीटरपर्यंत रुंद होतात. भूर्जबुरशीचे आयुष्य मात्र एका हंगामाचे. तिची वरची बाजू पांढुरकी ते फिकट तपकिरी, गुळगुळीत आणि कडेला गोलसर असते. ताजी असताना आतला गर पांढरा आणि रबरासारखा लागतो. हिवाळ्यात ती मरते, पण वाळलेली फळी पुढचे काही महिने झाडाला चिकटून राहते.

दोन्ही बुरश्यांची छिद्रे नेहमी जमिनीकडे तोंड करून असतात. झाड आडवे पडले की खुरबुरशीची नवी वाढ जुन्या वाढीला काटकोनात वळते आणि छिद्रे पुन्हा जमिनीकडे येतात. पडलेल्या खोडावरील खुराची दिशा पाहून तो झाड उभे असताना वाढला की पडल्यानंतर, हे त्यावरून सांगता येते.

बाहेर दिसणारी फळी हा बुरशीचा छोटा भाग असतो. खरी बुरशी म्हणजे खोडाच्या आत पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे. फळी बाहेर येते तेव्हा आतले काम अनेकदा बरेच पुढे गेलेले असते.

लाकूड कुजवणे एवढे अवघड का?

लाकडात मुख्यत: तीन घटक असतात. सेल्युलोज साधारण ४० ते ५० टक्के, हेमिसेल्युलोज साधारण २० ते ३० टक्के आणि लिग्निनही जवळपास तेवढेच. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्यात भरपूर ऊर्जा असते. इमारतीच्या भाषेत सांगायचे, तर सेल्युलोजचे धागे लोखंडी सळयांचे काम करतात आणि लिग्निन काँक्रीटचे. लिग्निनमुळे झाड ताठ उभे राहते आणि खोडातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या दबत नाहीत.

अडचण लिग्निनची आहे. सेल्युलोजची साखळी एकाच प्रकारच्या जोडांनी बनलेली असल्याने योग्य विकर मिळाले की ती एकेक कडी करून तोडता येते. लिग्निनची रचना अनियमित असते. त्यातील जोड वेगवेगळ्या प्रकारचे आणि चिवट असतात. शिवाय ते तोडून फारशी ऊर्जाही मिळत नाही. त्यामुळे बहुसंख्य जीव लिग्निनच्या वाटेला जात नाहीत. वाळवीसुद्धा लाकूड पचवण्यासाठी आतड्यातील सूक्ष्मजीवांची, तर काही जातींची वाळवी वारुळात वाढवलेल्या बुरशीची मदत घेते.

लाकडातील साखर मिळवायची, तर लिग्निनचा अडथळा पार करावाच लागतो. खुरबुरशी आणि भूर्जबुरशी यांच्यातील खरा फरक इथे सुरू होतो. एक हा अडथळा फोडते, दुसरी त्याला वळसा घालते.

खुरबुरशीची ‘पांढरी कूज’ म्हणजे काय?

शेतकऱ्यांना मूळकूज, खोडकूज हे शब्द परिचयाचे आहेत. लाकडाच्या बाबतीत कुजण्याचे दोन मुख्य प्रकार मानले जातात – पांढरी कूज आणि तपकिरी कूज. खुरबुरशी पांढरी कूज करते.

तिच्याकडे लॅकेस आणि पेरॉक्सिडेज गटातील विकरे असतात. ती लिग्निनमधून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात आणि त्याची रचना अस्थिर करून तुकडे पाडतात. लिग्निन हटले की सेल्युलोज व हेमिसेल्युलोज तोडणाऱ्या विकरांना वाट मोकळी होते. खुरबुरशी हे तिन्ही घटक साधारण एकाच वेळी संपवत जाते. लिग्निन तपकिरी असते. ते गेल्याने लाकूड फिकट पडते, हलके, मऊ आणि स्पंजासारखे होते. ओले असताना ते दाबले तर पाणी निघते आणि त्याचे तंतू सुटे होतात. अशा लाकडात अनेकदा बारीक काळ्या रेषा दिसतात. वेगवेगळ्या बुरश्या एकमेकींना भिडतात तेथे अशा रेषा उमटतात. त्यांना दोन राज्यांच्या सीमाच म्हणता येईल.

पुरेसा वेळ मिळाला, तर पांढऱ्या कुजीनंतर लाकडाचे फारसे काही शिल्लक राहत नाही. त्यातील बराचसा कार्बन बुरशीच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत जातो आणि काही भाग बुरशीच्या तंतूंत व ते खाणाऱ्या जीवांत जातो.

भूर्जबुरशीची पद्धत वेगळी कशी?

भूर्जबुरशी तपकिरी कूज करते. पांढऱ्या कुजीत लिग्निन फोडणारी पेरॉक्सिडेज विकरे तिच्याकडे नाहीत. मग ती साखरेपर्यंत पोहोचते कशी? लाकडाच्या शाबूत पेशीभित्तिकेत विकरांचे मोठे रेणू शिरू शकत नाहीत. म्हणून तपकिरी कूज करणाऱ्या बुरश्या आधी लहान रेणू आत सोडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह यांची प्रक्रिया होऊन हायड्रॉक्सिल हे अत्यंत क्रियाशील मूलक तयार होते. रसायनशास्त्रात या प्रक्रियेला फेंटन अभिक्रिया म्हणतात. हे मूलक समोर येईल त्या रेणूवर तुटून पडते. त्यात सेल्युलोजच्या साखळ्या ठिकठिकाणी तुटतात, पेशीभित्तिका सैल होते आणि मग बुरशीची विकरे आत शिरतात.

हे मूलक इतके विध्वंसक असते, की ते बुरशीच्या स्वत:च्या विकरांनाही निकामी करू शकते. त्यामुळे या दोन कामांत अंतर राखावे लागते. तपकिरी कूज करणाऱ्या पोस्टिया प्लासेंटा या दुसऱ्या एका बुरशीवरील २०१६ मधील संशोधनात हे स्पष्ट झाले. तंतूंचे पुढे सरकणारे टोक आधी रासायनिक हल्ला करते आणि साखर तोडणारी विकरे त्यामागून येतात, असे त्यात दिसले.

या पद्धतीत लिग्निन पूर्णपणे शाबूत राहत नाही. त्यात काही बदल होतात, पण ते बहुतांशी जागेवरच राहते. सेल्युलोज निघून गेल्याने लाकूड आक्रसते, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि त्याचे विटेच्या रंगाचे चौकोनी तुकडे होतात. हे तुकडे बोटांत चुरगळले तर भुगा होतो.

तपकिरी कूज लाकडाची ताकद फार लवकर घालवते. वजनात दहा टक्के घट होईपर्यंत लाकडाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद निम्म्याहून अधिक कमी झालेली असू शकते. अशा खोडाला वाऱ्याचा जोर सोसत नाही आणि ते वाकण्याऐवजी कडकन मोडते. भूर्जबुरशी लागलेली झाडे मध्येच तुटलेली दिसतात, ती यामुळे. रस्त्याकडेच्या किंवा उद्यानातील जुन्या झाडांचा धोका जोखताना बुरशी आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. ती कोणत्या प्रकारची कूज करते, हेही पाहावे लागते.

झाडात आधी कोण शिरते?

बाहेरून बुरशी लागली आणि झाड मेले, असे चित्र बहुतेकदा अपुरे असते. वेल्समधील कार्डिफ विद्यापीठातील लिन बॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रुंद पानांच्या निरोगी झाडांच्या लाकडाची डीएनए चाचणीने तपासणी केली. कूज करणाऱ्या अनेक बुरश्या जिवंत झाडांच्या लाकडात आधीपासूनच सुप्तावस्थेत असल्याचे त्यात आढळले. जिवंत खोडात पाणी भरपूर आणि हवा कमी असते, त्यामुळे बुरशीला हातपाय पसरता येत नाहीत. दुष्काळ, फांदी तुटणे, सावली किंवा म्हातारपण यांमुळे खोड कोरडे पडू लागले, की ती जागी होते. भूर्जबुरशी ही अशीच दुबळ्या झाडावर जोर धरणारी बुरशी मानली जाते. खुरबुरशी जखमांमधून जिवंत झाडात शिरते आणि झाड मेल्यानंतरही वर्षानुवर्षे त्याच लाकडावर जगते.

त्यामुळे एका भूर्जाचे पुढे काय होणार, हे त्यात कोण आधी जागा पकडते यावरही ठरते. ज्या बुरशीने लाकडाचा मोठा भाग आधी व्यापला, तिला हुसकावणे नंतर येणारीला जड जाते. काही वेळा एकाच खोडाचा एक भाग फिकट आणि तंतुमय, तर दुसरा लालसर आणि ठिसूळ झालेला दिसतो. तेथे दोघींनीही आपापली हद्द राखलेली असते.

हिममानवाकडे या दोन्ही बुरश्या कशा?

माणसाला या दोन बुरश्यांमधील फरक फार पूर्वीपासून ठाऊक होता. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया-इटली सीमेवरील आल्प्स पर्वतात, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर दोन जर्मन गिर्यारोहकांना बर्फात एक मृतदेह दिसला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा असल्याचे पुढे सिद्ध झाले. ‘ओट्झी’ या नावाने ओळखला जाणारा हा हिममानव आता इटलीतील बोल्झानो येथील संग्रहालयात आहे. त्याच्या सामानात या दोन्ही बुरश्या होत्या.

कमरेच्या पिशवीत खुरबुरशीचा कापसासारखा पिंजलेला गोळा होता. त्यावर पायराइट या खनिजाचे कण सापडले. म्हणजे गारगोटीवर पायराइट आपटून उडालेली ठिणगी या गोळ्यावर धरली जात असे. गावाकडे चकमकीबरोबर कापूस ठेवत, तेच काम ही बुरशी करत होती. इंग्लंडमधील स्टार कार येथील मध्याश्मयुगीन वस्तीतही खुरबुरशी सापडली आहे, ती सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीची. खुराच्या कठीण कवचाखालील थर कुटून मऊ केला की चामड्यासारखा पदार्थ मिळतो. युरोपात काडेपेटी येईपर्यंत तो घरोघरी वापरात होता. जखमेतील रक्त थांबवण्यासाठीही तो वापरत. रोमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया भागातील कोरुंड गावात त्यापासून टोप्या आणि शोभेच्या वस्तू बनवण्याची कला आजही टिकून आहे.

ओट्झीकडील भूर्जबुरशीचे दोन तुकडे चामड्याच्या पट्ट्यांत ओवलेले होते. ते कशासाठी, याबाबत मात्र एकमत नाही. त्याच्या आतड्यात कृमींची अंडी आढळली होती. त्यामुळे ही बुरशी जंतावरचे औषध असावी, असा तर्क लुइजी कापासो यांनी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. बुरशीतज्ज्ञांनी त्यावर शंका घेतली. पट्टीत ओवलेला तुकडा औषध असू शकतो, तसाच तो ताईतासारखा विधीचा भागही असू शकतो. नंतरच्या काळात युरोपात न्हावी वस्तऱ्याला धार लावण्यासाठी वाळवलेल्या भूर्जबुरशीच्या पट्ट्या वापरत.

आज ओट्झीचे नाव पुढे करून भूर्जबुरशीची चूर्णे आणि चहा विकले जातात. तिच्यातील काही संयुगांचे सूक्ष्मजीवविरोधी आणि दाहविरोधी गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. मात्र काचपात्रातील परिणाम आणि रुग्णाला होणारा उपयोग यांत मोठे अंतर असते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने एखादी गोष्ट जवळ बाळगली, हा तिच्या गुणाचा पुरावा ठरत नाही.

पृथ्वीच्या इतिहासाशी याचा काय संबंध?

दोन्ही पद्धतींपैकी जुनी कोणती, याचे उत्तर जनुकांत सापडते. डेव्हिड हिबेट यांच्यासह अनेक देशांतील संशोधकांनी २०१२ मध्ये ३१ बुरश्यांच्या जनुकसंचांची तुलना ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या गटाचा पूर्वज पांढरी कूज करणारा होता आणि लिग्निन तोडणारी विकरे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आली, असा अंदाज त्यात मांडण्यात आला. तपकिरी कूज नंतर आली, तीही एकदा नव्हे तर वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे. त्या बुरश्यांनी लिग्निन तोडणारी पेरॉक्सिडेज जनुके गमावली. म्हणजे भूर्जबुरशीच्या पूर्वजांकडे खुरबुरशीसारखे विकरांचे शस्त्र होते आणि उत्क्रांतीत ते टाकून दिले गेले. विकरांचा मोठा साठा तयार करण्यात ऊर्जा खर्च होते. लहान रेणूंनी तेच काम स्वस्तात होत असेल, तर ही बचत फायद्याची ठरते.

याच अभ्यासातून एक लोकप्रिय समजही पसरला. लिग्निन तोडणाऱ्या बुरश्या नव्हत्या म्हणून प्राचीन झाडे न कुजता साचत गेली आणि त्यांचा कोळसा झाला, असा तो समज आहे. मात्र २०१६ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने त्याला आव्हान दिले. त्या काळातील उष्ण व दमट हवामान आणि भूपट्टांच्या हालचालींमुळे खचत जाणारी, दलदलीची खोरी यांनी कोळशाचे साठे समजावून सांगता येतात, असे त्या संशोधकांनी म्हटले. त्यामुळे कोळशाचे सारे श्रेय किंवा खापर बुरश्यांवर टाकता येत नाही.

हवामानबदलाच्या चर्चेत कूज कशासाठी?

जगातील जंगलांमध्ये सुमारे ८६१ अब्ज टन कार्बन असल्याचा अंदाज २०११ मधील एका व्यापक अभ्यासात मांडण्यात आला होता. त्यातील सुमारे ७३ अब्ज टन, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास, मेलेल्या लाकडात आहे. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सहा खंडांतील ५५ ठिकाणी लाकडाचे तुकडे कुजत ठेवण्यात आले. त्यावरून मेलेल्या लाकडातून दरवर्षी सुमारे १०.९ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो, असा अंदाज बांधण्यात आला. हा सारा कार्बन हवेत जात नाही, काही मातीत आणि सजीवांत राहतो. शिवाय वाढती झाडे हवेतून कार्बन घेतही असतात. तरीही आकडा मोठा आहे आणि तापमान व पाऊस बदलले की तोही बदलणार आहे.

या बाहेर पडणाऱ्या कार्बनचा हिशेब कुजीच्या प्रकारावर अवलंबून असतो. खुरबुरशीने कुजवलेले खोड अखेर जवळपास नाहीसे होते. भूर्जबुरशीने कुजवलेल्या खोडातील लिग्निनचा तपकिरी भुगा मागे राहतो. तो सहजासहजी पुढे कुजत नाही. थंड प्रदेशांतील जंगलांत असे अवशेष मातीच्या वरच्या थरात शतकानुशतके टिकतात. ते ओल धरून ठेवतात आणि मातीची आम्लताही बदलतात. त्यामुळे एकाच वर्षी मेलेल्या, सारख्या वजनाच्या दोन भूर्जांपैकी एकाचा कार्बन लवकर हवेत परतेल, तर दुसऱ्याचा काही भाग मातीत दीर्घकाळ पडून राहील.

मग तपकिरी कूज ‘चांगली’ आणि पांढरी ‘वाईट’ का? तसे म्हणता येत नाही. लिग्निन तोडणाऱ्या बुरश्या नसतील, तर लाकडात अडकलेली पोषणद्रव्ये पुन्हा झाडांना मिळणे मंदावेल. पांढऱ्या कुजीने मऊ झालेल्या लाकडावर भुंगेऱ्यांच्या अनेक जातींच्या अळ्या वाढतात. बोलिटोफॅगस रेटिक्युलेटस हा काळा भुंगेरा तर खुरबुरशीच्या खुरातच अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या तोच खूर पोखरून वाढतात. सुतारपक्षीही कुजीने मऊ झालेल्या खोडांना ढोली कोरण्यासाठी पसंती देतात.

मेलेली झाडे उचलावीत की ठेवावीत?

युरोपात वनव्यवस्थापनाचा जुना शिरस्ता स्वच्छतेचा होता. वाळलेले, बुरशी लागलेले झाड म्हणजे रोगाचे घर, ते काढून टाकावे, असे मानले जाई. या शिरस्त्याची किंमत पुढे लक्षात आली. फिनलंडमधील अभ्यासांनुसार तेथील जंगलांतील सुमारे २० ते २५ टक्के जीवजाती या ना त्या टप्प्यावर मेलेल्या लाकडावर अवलंबून असतात. त्यांची संख्या चार ते पाच हजारांच्या घरात जाते. झाडे वेळेआधी तोडली आणि पडलेली उचलली, की या जातींचे घरच जाते. आता युरोपातील अनेक देशांत काही मेलेली झाडे मुद्दाम उभी ठेवली जातात. पायवाटा आणि वस्तीजवळची धोकादायक झाडे मात्र काढली जातात.

यातही ‘हेक्टरी किती मेलेले लाकूड’ एवढा एकच आकडा पुरत नाही. झाडे कोणत्या जातींची, उभी की आडवी, जाड की बारीक, सावलीत की उन्हात, यावर त्यात कोणती बुरशी येणार हे ठरते. सगळी मेलेली झाडे एकाच प्रकारची असतील, तर कूजही एकाच प्रकारची होईल. भूर्जबुरशीचे उदाहरण बोलके आहे. भूर्ज नाही, तर तीही नाही.

सह्याद्रीत काय चित्र आहे?

तपकिरी कूज करणाऱ्या बुरश्यांचे प्रमाण एकूण लाकूड कुजवणाऱ्या ज्ञात बुरश्यांत १० टक्क्यांहून कमी आहे आणि त्यातील बहुतांश देवदार, पाइन यांसारख्या सूचिपर्णी झाडांवर वाढतात. रुंद पानांच्या भूर्जावर वाढणारी भूर्जबुरशी त्याला अपवाद आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील जंगले रुंद पानांची आहेत. अशा उष्ण प्रदेशीय जंगलांत पांढऱ्या कुजीचा वरचष्मा असतो. पावसाळ्यात सह्याद्रीतील पडलेले ओंडके फिकट, मऊ आणि तंतुमय होत जातात, ते या कुजीमुळे.

येथेही खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या बुरश्या लोकांच्या माहितीच्या आहेत. जुन्या फणसावर येणारा ‘फणसांबा’ उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर लावण्याची कोकणात रीत आहे. फणसांबा फेलिनस गटातील बुरशी मानली जाते आणि हा गट पांढरी कूज करणारा आहे. म्हणजे युरोपातील भूर्जाप्रमाणेच येथेही लोकांनी बुरशीचा उपयोग आधी ओळखला, तिचे जंगलातील काम मात्र दुर्लक्षित राहिले.

मेलेले लाकूड उचलण्याचा प्रश्न येथे अधिक गुंतागुंतीचा आहे. डोंगराळ भागातील अनेक घरांची चूल आजही सरपणावर पेटते. वाळलेली फांदी ही त्या घरांची गरज आहे, तीच बुरशीची आणि भुंगेऱ्यांचीही गरज आहे. त्यामुळे युरोपातील नियम जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. बारीक काटक्यांची मोळी नेणे आणि जुने जाड ओंडके ट्रकने हलवणे यांतील फरक तरी लक्षात घ्यावा लागेल. जाड खोड कुजायला जास्त वर्षे लागतात आणि तेवढाच अधिक काळ ते वेगवेगळ्या जीवांना आसरा देते.

पुढे काय?

या बुरश्यांकडे आता उद्योगांचेही लक्ष गेले आहे. फिनलंडमधील व्हीटीटी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये खुरबुरशीच्या खुराची अंतर्रचना तपासली. बाहेरचे कठीण कवच, मधला मऊ थर आणि खालच्या नळ्या हे सारे जवळपास एकाच प्रकारच्या तंतूंपासून बनलेले असूनही प्रत्येकाची ताकद वेगळी असते, असे त्यांना दिसले. हलके आणि मजबूत पदार्थ बनवण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. लिग्निन तोडणाऱ्या विकरांचा वापर कागदाचा लगदा तयार करताना आणि प्रदूषित पाणी व मातीतील चिवट रसायने फोडण्यासाठी करता येईल का, यावरही काम सुरू आहे. तपकिरी कुजीची पद्धत लाकडातून स्वस्तात साखर, आणि त्यापासून इंधन मिळवण्यासाठी अभ्यासली जात आहे.

जंगलापुरता प्रश्न अधिक साधा आहे. कार्बनचा ताळेबंद मांडताना मेलेल्या झाडाला ‘अमुक टन लाकूड’ म्हणून मोजले जाते. त्या लाकडात कोणती बुरशी वाढते आहे, याची नोंद सहसा होत नाही. खुरबुरशी आणि भूर्जबुरशी यांच्या तुलनेतून हीच उणीव समोर येते. डीएनए चाचण्या आता स्वस्त होत आहेत. खोडातील लाकडाच्या चिमूटभर भुशावरून आत कोण आहे हे कळू शकते. जंगलांच्या पाहणीत ही नोंद होऊ लागली, तर कोणते मेलेले झाड हलवायचे आणि कोणते तेथेच कुजू द्यायचे, याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.